विश्लेषण : बाकावरच्या खेळाडूची कारकीर्द कशी घडते आणि कशी विरते?

बोरी (ता. जिंतूर, जि. परभणी) : शालेय स्पर्धांचा हंगाम आला की गावोगावचे संघ तालुक्याला जातात. कबड्डीच्या संघात १२ नावे असतात, मैदानात उतरतात ७. खो-खोच्या पारंपरिक संघातही १२ नावे, त्यातले ९ मैदानात. उरलेले बाकावर. त्यांचा घाम तोच, सरावाचे तास तेच; पण स्पर्धेनंतर कोणी विचारले, 'तू किती खेळलास?' तर उत्तर नसते. हाच प्रश्न मोठ्या मैदानांवर कोट्यवधी रुपयांचा होतो. अमेरिकी फुटबॉलमध्ये तर 'दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक' ही वेगळी कारकीर्दच मानली जाते. आपल्याकडे राखीव खेळाडूचे काय होते? त्याला संधी कधी मिळते, पैसे किती मिळतात, पुढे तो कुठे जातो? समजून घेऊ या.

राखीव खेळाडू म्हणजे नक्की कोण?

बोलताना आपण 'राखीव', 'बदली' आणि 'बारावा गडी' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. नियमांत मात्र फरक आहे. कबड्डीत राखीव खेळाडू सामना चालू असताना आत येऊन चढाई करू शकतो, पकड करू शकतो. क्रिकेटमधला बारावा गडी क्षेत्ररक्षणापुरता. त्याला फलंदाजी नाही, गोलंदाजी नाही.

अलीकडे क्रिकेटनेही दार थोडे उघडले. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी पूर्ण बदली खेळाडू देण्याची मुभा २०१९ मध्ये आली. त्याचा भारताला फायदा झाला तो डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरात. रवींद्र जडेजाच्या जागी युजवेंद्र चहल आला, ३ बळी घेतले आणि सामनावीर ठरला. अंतिम अकरात नाव नसलेला खेळाडू सामनावीर! आयपीएलमध्ये २०२३ पासून 'इम्पॅक्ट प्लेअर' आल्यावर बाकावरच्या माणसाची किंमत आणखी वाढली.

अमेरिकी फुटबॉलचे उदाहरण कशासाठी?

कारण तिथे हा प्रश्न सर्वांत टोकदार दिसतो. या खेळात मैदानावर ११ जण असतात आणि क्वार्टरबॅक म्हणजे चाल ठरवून चेंडू फेकणारा सूत्रधार. ही जागा एकच. गोलंदाज बदलतात तसा क्वार्टरबॅक सहसा बदलत नाही. पहिला तंदुरुस्त असेपर्यंत दुसरा बाजूच्या रेषेवर उभा. त्याने सगळ्या चाली पाठ ठेवायच्या, आठवडाभर सराव करायचा आणि सामन्याच्या दिवशी पाहत राहायचे.

चेस डॅनियल या खेळाडूने २००९ ते २०२२ या काळात जेमतेम ५ सामन्यांत पहिल्यापासून सुरुवात केली. तरी त्याची कमाई ४ कोटी डॉलरच्या आसपास गेली. संघांनी पैसे मोजले ते त्याच्या तयारीसाठी आणि सल्ल्यासाठी. दुसरीकडे टॉम ब्रॅडी. २००० च्या निवडीत १९९ व्या क्रमांकावर घेतलेला हा तरुण २००१ मध्ये ड्रू ब्लेडसो जखमी झाल्यामुळे आत आला. पुढे ७ सुपर बोल जिंकूनच त्याची कारकीर्द थांबली.

तिसरे उदाहरण निक फोल्सचे. फिलाडेल्फियाचा पहिला क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ डिसेंबर २०१७ मध्ये जखमी झाला. फोल्स आला, फेब्रुवारी २०१८ चा सुपर बोल ४१-३३ असा जिंकून दिला आणि सामनावीर ठरला. नंतर जॅक्सनव्हिलने त्याला पहिली जागा दिली, तर तो पहिल्याच सामन्यात जखमी झाला आणि लवकरच पुन्हा राखीवांच्या रांगेत आला. म्हणजे एकच जागा तीन माणसांना तीन वेगवेगळे आयुष्य देते.

आपल्याकडे अशी जागा कोणती?

यष्टिरक्षकाची. संघात यष्टिरक्षक एकच, दुसरा असतो तो 'असावा' म्हणून. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ही जागा किरण मोरे यांच्याकडे होती. त्यांनी ४९ कसोटी सामने खेळले. मुंबईचे चंद्रकांत पंडित त्याच काळातले यष्टिरक्षक. त्यांच्या वाट्याला ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने आले.

पण पंडित यांनी टिकून राहण्याचा मार्ग शोधला होता. ते निव्वळ फलंदाज म्हणूनही उभे राहू शकत. १९८७ च्या विश्वचषकात वानखेडेवरच्या उपांत्य सामन्यात दिलीप वेंगसरकर आजारी पडले, तेव्हा संघात आले ते पंडित. यष्ट्यांमागे मोरेच होते. एका जागेसाठी रांगेत असलेल्याने दुसऱ्या जागेचे काम शिकून ठेवावे, हा राखीव खेळाडूचा पहिला धडा इथे दिसतो.

नागपूरच्या जामठा मैदानावर फेब्रुवारी २०१० मध्ये याहून विलक्षण प्रकार घडला. दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीत रोहित शर्मा पदार्पण करणार होता. नाणेफेकीच्या आधी, सरावात तो दुखावला. हाताशी दुसरा फलंदाजच नव्हता. मग राखीव यष्टिरक्षक वृद्धिमान साहा फलंदाज म्हणून कसोटीवीर झाला. रोहितला कसोटी पदार्पणासाठी नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. त्याने कोलकात्यात १७७ धावा काढून ती प्रतीक्षा संपवली. काही मिनिटांत एकाचे दार उघडले आणि दुसऱ्याचे पावणेचार वर्षे बंद राहिले.

गुणवत्ता असूनही दार उघडत नाही, असे का होते?

याचे उत्तर पद्माकर शिवलकर. मुंबईचा हा डावखुरा फिरकी गोलंदाज १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी घेऊन गेला. सरासरी १९.६९. एका बळीमागे २० धावाही नाहीत. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेन्नईच्या फिरकीला पोषक खेळपट्टीवर तमिळनाडूविरुद्ध त्यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले. मुंबईचे ते सलग पंधरावे विजेतेपद. तरी शिवलकर भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत.

कारण त्याच प्रकारची गोलंदाजी करणारे बिशनसिंग बेदी १९६६ ते १९७९ संघात होते. त्यांनी ६७ कसोटींत २६६ बळी घेतले. शिवलकर यांचा जन्म १९४० चा. म्हणजे बेदींचा काळ हाच शिवलकरांच्या उमेदीचा काळ. हरयाणाचे राजिंदर गोयल यांचेही तेच झाले. प्रथम श्रेणीत ७५० बळी घेणारा हा गोलंदाज १९७४ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध बंगळूर कसोटीच्या संघापर्यंत पोचला. बेदी त्या सामन्यात नव्हते. तरी अंतिम अकरात गोयल यांचे नाव आले नाही.

बेदींचा काळ सरला तेव्हा संधी मिळाली दिलीप दोशी यांना. १९७९ मध्ये पदार्पणाच्या वेळी ते ३१ वर्षांचे होते. त्यांनी ३३ कसोटींत ११४ बळी घेऊन ती सार्थकी लावली. शिवलकर त्या वेळी चाळिशीला टेकले होते. दार उघडले, पण तोवर रांगेतला दुसरा माणूस पुढे आला होता.

सुनील गावसकर यांनी आपल्या 'आयडॉल्स' या पुस्तकात शिवलकर आणि गोयल या दोघांनाही स्थान दिले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०१७ मध्ये दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. शिवलकर यांचे ३ मार्च २०२५ रोजी निधन झाले. कसोटी टोपीची जागा पुरस्कार घेत नाही; पण त्यांच्या नावापुढचे ५८९ बळीही कोणी पुसू शकत नाही.

मग राखीव खेळाडूचे नशीब कशावर ठरते?

नशीब हा शब्द सोयीचा आहे, पण त्यामागे हिशेब आहे. ढोबळमानाने चार गोष्टी :

- जागा किती? वेगवान गोलंदाजांच्या तीन-चार जागा असतात, दुखापतीही जास्त. यष्टिरक्षकाची किंवा क्वार्टरबॅकची जागा एकच. कबड्डीत कोपरारक्षकांच्या दोन.
- पुढच्याचे वय काय? आपल्याहून दहा वर्षांनी मोठ्या खेळाडूच्या मागे उभे राहणे परवडते. समवयस्काच्या मागे उभे राहणे म्हणजे शिवलकरांची वाट.
- दुसरे काम येते का? पंडित आणि साहा यांना फलंदाजीने आत आणले.
- बोलावणे येईल त्या दिवशी तयारी आहे का? ही एकच गोष्ट पूर्णपणे खेळाडूच्या हातात असते.

चौथ्या मुद्द्याचे ठसठशीत उदाहरण पालघरच्या शार्दूल ठाकूरचे. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला त्याने कसोटी पदार्पण केले आणि १० चेंडू टाकून दुखापतीने बाहेर गेला. पुढची कसोटी थेट जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला. तीही बुमरा, शमी, उमेश, अश्विन, जडेजा असे सगळे जायबंदी झाल्यामुळे. त्या सामन्यात शार्दूलने ७ बळी घेतले, ६७ धावा केल्या आणि वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागीदारी केली. सुंदर आणि टी. नटराजन हे दोघे तर सरावात गोलंदाजी करण्यासाठी थांबवून घेतलेले. भारताने सामना आणि मालिका दोन्ही जिंकले.

त्या मालिकेत कर्णधारही बदलीच होता. ॲडलेडला ३६ धावांत डाव गडगडल्यावर विराट कोहली मायदेशी परतला आणि सूत्रे अजिंक्य रहाणेकडे आली. मेलबर्नला त्याने ११२ धावा काढल्या. याच रहाणेला २०११ च्या अखेरीपासून कसोटी संघाबरोबर फिरूनही पदार्पणासाठी मार्च २०१३ उजाडावा लागला होता आणि तेही शिखर धवन जखमी झाल्यावर. वाट पाहण्याचा अनुभव असलेल्या माणसाने जखमी संघ सांभाळला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

संघात आहे, पण खेळत नाही. पैसे किती?

इथे वरची आणि खालची पातळी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भारताच्या कसोटी सामन्याचे मानधन १५ लाख रुपये. संघात असून अंतिम अकरात नसलेल्याला त्याच्या निम्मे. मार्च २०२४ मध्ये मंडळाने कसोटीसाठी प्रोत्साहन योजना आणली. हंगामात ७५ टक्क्यांहून अधिक कसोटींत खेळणाऱ्याला सामन्यामागे जादा ४५ लाख, तर संघात असून न खेळणाऱ्याला साडेबावीस लाख.

देशांतर्गत क्रिकेटमध्ये २०२१ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार ४० पेक्षा अधिक सामन्यांचा अनुभव असलेल्याला दिवसाला ६० हजार रुपये. राखीव असेल तर ३० हजार. नवख्याला ४० हजार. राखीव असेल तर २० हजार. सूत्र सरळ आहे : खेळला तर पूर्ण, बसला तर अर्धे.

आयपीएलचे गणित निराळे. तिथे लिलावातली रक्कम खेळाडू बाकावर बसला तरी मिळते. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला चेन्नईने २०२२ च्या लिलावात दीड कोटीला घेतले. तो पूर्ण हंगाम त्याने बाकावर काढला. २०२३ च्या पहिल्याच सामन्यात संधी मिळाली तेव्हा त्याने ३ बळी घेतले. पण त्या हंगामात त्याच्या वाट्याला दोनच सामने आले. मराठवाड्यातल्या मुलाला पैसा मिळाला हे चांगलेच. पण गोलंदाजाचे हात सामन्यात सुधारतात, बाकावर नाही. विशीतल्या खेळाडूसाठी न खेळलेला हंगाम हा पगारी असला तरी खर्चिक असतो.

कबड्डी, खो-खोत जिल्हा पातळीवर तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे खेळणाऱ्यालाच प्रवासखर्च आणि जेवणाची व्यवस्था मिळाली तरी पुष्कळ, अशी स्थिती असते.

कारकीर्द संपल्यावर काय?

इथे बाकावर घालवलेली वर्षे अनपेक्षितपणे कामी येतात. सतत खेळणारा स्वतःच्या खेळाकडे पाहतो. बसलेला सगळ्यांच्या खेळाकडे. अमेरिकी फुटबॉलमधले अनेक राखीव क्वार्टरबॅक पुढे प्रशिक्षक झाले. फिलाडेल्फियाला २०१८ चा सुपर बोल जिंकून देणारे प्रशिक्षक डग पीडरसन हे त्यांपैकीच.

आपल्याकडे चंद्रकांत पंडित पाहा. प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला तीनदा, विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ असे सलग दोनदा आणि मध्य प्रदेशला २०२१-२२ मध्ये रणजी करंडक मिळवून दिला. मध्य प्रदेशचा कर्णधार म्हणून १९९८-९९ चा अंतिम सामना ते ज्या बंगळूरच्या मैदानावर हरले होते, तिथेच प्रशिक्षक म्हणून जिंकले.

आणि अमोल मुजुमदार. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमकडून सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा हाच. १९९४ मध्ये त्याने रणजी पदार्पणातच हरयाणाविरुद्ध २६० धावा काढल्या. पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा आणि ३० शतके झाली. पण भारताच्या मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते. मुजुमदार भारताकडून कधीच खेळला नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिला विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्याची सामनावीर होती शफाली वर्मा. मूळ संघात तिचे नाव नव्हते, राखीव यादीतही नव्हते. ती हरयाणाकडून देशांतर्गत टी-२० स्पर्धा खेळत होती. सलामीची प्रतिका रावल जखमी झाली म्हणून उपांत्य सामन्याआधी शफालीला बोलावणे आले. अंतिम सामन्यात तिने ८७ धावा केल्या, २ बळी घेतले.

याच गोष्टीची दुसरी बाजूही पाहायला हवी. स्पर्धेत ३०८ धावा करणारी प्रतिका अंतिम सामन्यानंतर चाकाच्या खुर्चीवरून मैदानात आली. तिचे नाव अधिकृत संघातून निघाले असल्यामुळे तिला त्या दिवशी पदक मिळाले नाही; ते नंतर मिळाले. राखीव माणूस आत येतो तेव्हा कोणीतरी बाहेर जातो, आणि नियम दोघांनाही सारख्या मायेने वागवत नाहीत.

याचा बोरीतल्या मुलामुलींशी काय संबंध?

थेट संबंध आहे. वर सांगितलेल्या आपल्याकडच्या बहुतेक खेळाडूंना वाट पाहताना खेळायला दुसरे मैदान होते. शिवलकर भारताकडून खेळले नाहीत, पण मुंबईकडून वर्षानुवर्षे खेळले. शफाली विश्वचषकात नव्हती, पण हरयाणाकडून खेळत होती म्हणूनच बोलावणे आले तेव्हा ती लयीत होती. गावच्या शाळेतल्या राखीव मुलाला हे दुसरे मैदानच नसते.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण असते. बहुतेक ठिकाणी सामने बाद पद्धतीने होतात. पहिला सामना हरला की हंगाम संपला. अशा वेळी शिक्षक सर्वांत तगडे सात जण उतरवणार आणि शेवटपर्यंत तेच ठेवणार. त्यात त्यांचे चुकते असेही नाही. पण परिणाम असा की बाकावरचे पाच जण वर्षभर सराव करून एक मिनिटही खेळत नाहीत. दोन वर्षे असे झाले की मुलगा सराव सोडतो. मुलीच्या बाबतीत तर घरातून विचारले जाते, 'खेळत नाहीस, तर संध्याकाळी मैदानावर कशाला?' आणि या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसते.

शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी वरच्या पातळीवरची कामगिरी आणि प्रमाणपत्राची पडताळणी लागते. शेतीवर भिस्त असलेल्या घरातला मुलगा मैदानाकडे वळतो तेव्हा हा विचार त्याच्या आणि आईवडिलांच्या मनात असतोच. त्या चढणीची पहिली पायरी म्हणजे तालुक्याचा सामना. तिथे न खेळलेल्याला पुढच्या पायरीवर कोण पाहणार?

मग करायचे काय?

यासाठी कोट्यवधींचा निधी लागत नाही. चार गोष्टी शाळा, तालुका क्रीडा समित्या आणि क्रीडा कार्यालय आजही करू शकतात :

- तालुका पातळीवर बाद पद्धतीऐवजी निदान तीन-चार संघांचे साखळी गट करावेत. प्रत्येक संघाला किमान दोन-तीन सामने मिळतील.
- साखळी सामन्यांत प्रत्येक राखीव खेळाडूला ठरावीक वेळ खेळवणे बंधनकारक करावे.
- आजूबाजूच्या गावांच्या शाळांनी राखीव खेळाडूंचेच मैत्रीपूर्ण सामने घ्यावेत. याला मैदान, शिट्टी आणि चुना एवढेच लागते.
- बाकावरच्या मुलांना गुणलेखन आणि पंचगिरी शिकवावी. खेळ वाचायला शिकलेला मुलगा उद्या पंच होतो, प्रशिक्षक होतो.

पालकांनीही एक प्रश्न बदलावा. 'किती गुण मिळवलेस?' याआधी 'आज काय शिकलास?' असे विचारावे. आणि खेळाडूने स्वतःचा हिशेब प्रामाणिकपणे मांडावा. पुढे कोण आहे, त्याचे वय काय, मला दुसरी जागा खेळता येते का, मी किती वर्षे थांबू शकतो? थांबणे हा पराक्रम नाही आणि सोडून देणे हा गुन्हा नाही. दोन्ही निर्णय डोळे उघडे ठेवून व्हावेत, एवढेच.

प्रत्येक राखीव खेळाडूचा ब्रॅडी किंवा शफाली होणार नाही. बहुतेकांना ते बोलावणे कधीच येत नाही, हे सत्य मुलांपासून लपवू नये. पण बोलावणे येण्याआधीच त्यांनी खेळ सोडावा, अशी व्यवस्था ठेवणे हा मात्र आपला दोष आहे. सातांचा संघ बाराजणांच्या सरावावर उभा राहतो. उरलेल्या पाचांना निदान खेळायला तरी मिळाले पाहिजे.